नेलपॉलिशची रेघ

“सर जी, गाडी जल गई.”

फोन आला तेव्हा दिगंबर खांबेटे सेक्टर पस्तीसच्या बागेत उन्हाकडे पाठ करून पुस्तक वाचत बसले होते. आठवडाभर धुक्यात बुडालेल्या चंदीगडला त्या बुधवारी ऊन मिळालं होतं, आणि सगळा सेक्टर चटया, मुंगफली आणि किनू संत्री घेऊन बाहेर आला होता. खांबेट्यांच्या बाकावर मात्र दुसरं कुणी नव्हतं.

“कौनसी गाडी, नरेश?”

“अपनी, सर जी. चश्मेवाली.”

“किसी को लगा तो नहीं?”

“नहीं जी. आग मैंने बुझा दी. हाथ थोडे जल गए.” नरेश घुटमळला. “सर जी, आग सीट के नीचे से लगी. जहाँ आपने वो फ्यूज लगवाया था.”

खांबेट्यांच्या मांडीवरचं पुस्तक घसरून गवतात पडलं.

“फ्यूज उड गया था ना?”

“नहीं जी. फ्यूज तो साबुत है.”

वायर जळते आणि फ्यूज शाबूत राहतो, याचा सरळ अर्थ एकच. फ्यूज निवडणाऱ्यानं चुकीचा निवडला. आणि निवडणारे ते स्वतः होते.

ही चष्म्याची गाडी पद्मिनी रणदिवे यांची. त्यांचे यजमान विंग कमांडर अविनाश रणदिवे गेल्यावर त्यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिच्यात डोळे तपासायचं आणि काचा घासायचं अशी दोन यंत्रं बसवून घेतली. डेराबस्सीच्या औषध कारखान्यांतल्या बायका दिवसभर गोळ्यांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं तपासतात. चाळिशी आली की अक्षरं पुसट होतात आणि मग नोकरी जाते. त्यांना ही गाडी कारखान्याच्या दारातच चष्मा करून देत असे. नरेश तिचा ड्रायव्हर, आणि डोळे तपासायला विनया. यंत्रांना घरातल्यासारखी वीज हवी, म्हणून गाडीत एक इन्व्हर्टर होता आणि त्याच्यासाठी सीटखाली वेगळी बॅटरी. वायर कोणती आणि फ्यूज केवढा, हे ठरवायचं काम पद्मिनीवहिनींनी यजमानांच्या मित्रावर, म्हणजे खांबेट्यांवर टाकलं होतं.

खांबेटे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. शिकवत होते तेव्हाही फळ्यावर उत्तर लिहून झालं की हळूच वर्गाकडे वळून विचारायचे, “बरोबर आहे ना?” वर्ग हसायचा. ते मात्र खरंच विचारत असायचे.

घरी येऊन त्यांनी गणित पुन्हा मांडलं. हजार वॉटचा इन्व्हर्टर, बारा व्होल्टची बॅटरी. घरात हजार वॉटला चार-पाच अँपिअर पुरतात. बारा व्होल्टवर तेवढ्याच कामाला शंभराच्या आसपास लागतात. म्हणून वायर करंगळीएवढी जाड, पस्तीस चौरस मिलिमीटरची, अस्सल तांब्याची. फ्यूज सव्वाशेचा. यंत्रं चालू देण्याइतका मोठा, पण वायर तापायच्या आत स्वतः वितळेल इतका लहान. आणि तो बॅटरीपासून वितीच्या आत, म्हणजे पुढे वायर कुठे पत्र्याला घासली तरी फ्यूज आधी तुटावा.

गणित बरोबर होतं. खांबेट्यांनी ते पुन्हा केलं. तरी बरोबर होतं. त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

*

गुरुवार हा पद्मिनीवहिनींकडे चहाला जायचा दिवस. सेक्टर एकवीसमधलं ते घर म्हणजे खांबेट्यांच्या आयुष्यात मराठी बोलायची उरलेली एकच जागा. बायको गेली, मुलगी मेलबर्नला. हवाई दलातली, इस्पितळातली मराठी कुटुंबं येत, मुदत संपली की सामान बांधून जात. रणदिवे राहिले, खांबेटे राहिले. आता रणदिवेही नव्हते.

पोर्च रिकामा होता. रोज संध्याकाळी नरेश तिथं गाडी लावून किल्ली आतल्या खिळ्याला अडकवत असे, आणि बसनं झिरकपूरला घरी जात असे.

“या भाऊजी. अंधार आहे, सांभाळून.”

जिन्याखाली पितळी वाडग्यात चिनी मातीचे पांढरे फ्यूज पडले होते. खांबेट्यांना ते ओळखीचे होते. विंग कमांडर गेले तसं वहिनींनी वरच्या मजल्याचे फ्यूज काढले. मग पाहुण्यांच्या खोलीचे. मग जेवणघराचे.

“वाडग्यात भर पडली वाटतं,” ते म्हणाले.

“पुढच्या व्हरांड्याचा. कोण येतंय व्हरांड्यात? जिथं माणूस नाही तिथं वीज कशाला? यांचं म्हणणं असायचं, बटण बंद केलं म्हणजे बंद झालं असं नाही. फ्यूज हातात आला की बंद झालं. बागडोगऱ्याला, जोरहाटला, कुठंही सुट्टीवर निघालो की घराचा फ्यूज माझ्या पर्समध्ये.” त्या हसल्या. “हे एवढं उघडून द्या हो.”

त्यांनी थालीपिठाबरोबरची लोणच्याची बरणी पुढे केली. खांबेट्यांनी झाकण फिरवलं. ते सहज निघालं. वहिनींच्या तर्जनीला चिकटपट्टी होती.

“भाजलं?”

“तवा. तुम्ही खा.”

थालीपीठ निम्मं झालं असेल, तेवढ्यात अंशुमन आला. वहिनींचा मुलगा. मोहालीत आयटी कंपनीत, तिथंच सोसायटीत अकराव्या मजल्यावर घर.

“काका, बरं झालं भेटलात. आई, मी बोललोय चौकीत. शनिवारी सुबह रिटन कंप्लेंट देतोय.”

“कुणावर?” वहिनींनी विचारलं.

“नरेशवर, और किसपर? गाडीत हीटर सापडला. जळालेला. साहेब थंडीत गाडीत बसून हीटर चालवत होते. ओव्हरलोड, आग, खतम. आत बायका असत्या तर? लायसेन्स गेलं पाहिजे त्याचं.”

“त्याचे हात भाजलेत, अंशुमन.”

“आई, प्लीज. आणि तू पण आता बस कर. दसऱ्याला गॅस चालू राहिला होता, मी काही बोललो नाही. मैंने कहा था ना, अजून एक गडबड झाली की तू मोहालीला येणार. गाडी बंद, घर बंद. पक्का?”

वहिनींनी बरणीचं झाकण पुन्हा लावलं. अर्धवटच लागलं.

खांबेट्यांना भरल्या वर्गात हात वर करायला लागल्यासारखं झालं. “अंशुमन, मला शनिवारपर्यंत वेळ देशील? म्हणजे... वायर मी निवडली होती. चूक माझीही असू शकते.”

“तुमची कशी असेल काका?”

“तेच बघायचंय.”

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कप उचलून त्या आत गेल्या. चहा अजून संपलेला नव्हता.

*

शुक्रवारी धुकं परत आलं. डेराबस्सीच्या हमरस्त्यालगत एका गॅरेजच्या अंगणात गाडी उभी होती. मागचं अर्धं अंग काळं. नरेश बाजूला उभा होता, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले.

“अंशुमन साब बोलते हैं मैंने हीटर चलाया. आप भी यही मानते हो, सर जी?”

“मी अजून काहीच मानत नाही,” खांबेटे मराठीतच म्हणाले. नरेशला एवढ्या दिवसांत समजायला लागलं होतं.

हीटर मागच्या फळीवर होता. प्लॅस्टिक वितळून वाकडं झालेलं. खांबेट्यांनी तो उलटा केला. खाली त्याची विजेची दोरी गोल गुंडाळलेली होती, वर केसांना लावायचं रबर. पिन स्वच्छ, चकचकीत.

“हे रबर कुणाचं?”

“विनया मैडम का. उन्होंने ही लपेट के रखा था. कभी चला ही नहीं, सर जी. आपने मना किया था.”

दोरी गुंडाळलेला हीटर चालत नाही. हीटर बाहेरून जळाला होता, आतून नव्हे. एक गोष्ट मिटली.

मग ते सीटखाली वाकले. वाकताना गुडघे वाजले. वायरवर बोट फिरवत ते इन्व्हर्टरच्या टोकापासून निघाले. आवरण मऊ होतं, लवचीक, नव्यासारखं. दोन हात तसंच. आणि मग फ्यूजच्या जवळ, शेवटच्या वितीत, सगळं कोळसा.

खांबेटे तसेच वाकून राहिले.

“क्या हुआ, सर जी?”

“नरेश, वायरीतून झेपेल त्याहून जास्त वीज गेली तर ती कुठे तापेल?”

“सब जगह, जी. पूरी तार.”

“ही एकाच टोकाला जळाली आहे. बाकीची तापलेलीसुद्धा नाही.”

त्यांना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्याची लाज वाटली. समोर पट्ट्या बांधलेले हात होते.

त्यांनी चष्मा पुसून फ्यूजकडे पाहिलं. हा घरातल्यासारखा उपसून काढायचा फ्यूज नव्हता. धातूची पट्टी, दोन बाजूंना दोन बोल्ट, वर नट पान्यानं घट्ट आवळलेले. पावसाळा सरता सरता त्यांनी नरेशला शेजारी बसवून ते आवळून घेतले होते. नट हलला तर कळावा म्हणून खूण हवी होती. विमानांचे मेकॅनिक नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत लाल रेघ ओढतात; नट फिरला की रेघ तुटते. तेव्हा वहिनींनीच घरातून नेलपॉलिशची बाटली आणून दिली होती. “घ्या. यांना आवडायचं. आता कोण बघतंय?”

बॅटरीवरच्या नटाची लाल रेघ अखंड होती. इन्व्हर्टरवरच्या दोन्ही अखंड. फ्यूजचा एक नट जळून निळा-काळा पडला होता, तिथं काही उरलं नव्हतं. दुसऱ्यावर रेघ होती. नटावरचा तुकडा उत्तरेला, पत्र्यावरचा पूर्वेला.

खांबेट्यांनी त्या नटाला दोन बोटं लावली. तो फिरला.

“हा तू उघडला होतास?”

“नहीं जी. आपने बोला था, डिब्बे का ढक्कन भी मत खोलना. मैंने नहीं खोला. बच्चों की कसम.”

“गाडी रात्री कुठं असायची?”

“मैडम के पोर्च में. सुबह वहीं से लेता था.”

“दुसरं कोण यायचं गाडीजवळ?”

“अंशुमन साब आए थे. दिवाली के बाद, दो-तीन बार. अंदर-बाहर फोटो खींच रहे थे. मुझे देखा तो बोले, कुछ नहीं, ऐसे ही.”

गाडी बंद व्हावी असं कुणाला वाटत होतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. परतीच्या बसमध्ये खांबेट्यांच्या डोक्यात अंशुमनचा चेहरा घोळत राहिला. लहानपणी त्यांच्याकडे भौतिकशास्त्र शिकायला यायचा. चुकला की खोडरबर मागायचा. त्यांना तो विचार आवडला नाही, पण आवडण्यावर काही ठरत नसतं.

*

विनया देशपांडे इस्पितळात डोळे तपासायची, आणि सुट्टीच्या दिवशी गाडीवर यायची. संध्याकाळी ती ओपीडीबाहेरच्या टपरीवर भेटली.

“विनया, गाडीत काही वेगळं जाणवलं होतं का? अलीकडे?”

“वेगळं म्हणजे? थंडी होती. नरेशभैय्याचं भांगडा म्युझिक होतं.” ती हसली, मग थांबली. “तो छोटा फ्रिज बंद पडायचा, सर. आपण ड्रॉप्स ठेवतो तो. सकाळी उघडला की कोमट. मग मी ड्रॉप्स घरीच ठेवायला लागले.”

“कधीपासून?”

“दिवाळीनंतर. आधी ठीक होता.”

“दिवसा चालायचा?”

“दिवसभर मस्त. फक्त सकाळी कोमट. मी नरेशभैय्याला म्हटलं, बॅटरी बसली असेल. तो म्हणाला, सकाळी बॅटरीचा दिवा हिरवा असतो, फुल्ल.”

खांबेट्यांच्या हातातला चहा तसाच राहिला.

रात्रभर फ्रिज चालून बॅटरी उतरली असती, तर सकाळी दिवा हिरवा नसता. फ्रिज कोमट आणि बॅटरी भरलेली, म्हणजे रात्री दोघांमधली वाटच तुटलेली होती. रोज. आणि सकाळी नरेश यायच्या आत परत जोडलेली.

दोन-तीनदा येऊन फोटो काढणाऱ्याचं हे काम नव्हतं. गाडीचं नुकसान करायला निघालेल्यानं फ्यूज रोज काढून रोज परत कशाला लावला असता? हे नेमानं करणाऱ्याचं काम होतं. काळजीनं करणाऱ्याचं.

“सर, तुम्हाला बरं नाही का?” विनयानं विचारलं.

“बरं आहे,” ते म्हणाले. “बरं आहे.”

घरी चालत येताना प्रत्येक चौकाच्या गोल चक्करवर ते क्षणभर उभे राहिले. काही बोललं नाही तर नरेश जातो. बोललं तर गुरुवार जातो. आणि आपण चुकत असलो तर? शंका घेण्यात खांबेट्यांचा जन्म गेला होता. त्या संध्याकाळी त्यांनी शंकेला पहिल्यांदा मनापासून बोलावलं. ती आली नाही.

*

शनिवारी ते ठरल्या वेळेच्या बरेच आधी निघाले. वहिनींना एकटं गाठायचं होतं. पण पोर्चमध्ये अंशुमनची गाडी उभी होती, आणि पायरीवर नरेश, चौकीत न्यायला बोलावलेला.

“या काका. सापडली चूक?”

“सापडली,” खांबेटे म्हणाले. “सांगतो. नरेशलाही आत येऊ दे.”

ते उभेच राहिले. बसून बोलायची सवय नव्हती.

“हीटर चाललाच नव्हता. दोरी गुंडाळलेली होती, रबर लावलेलं होतं. दुसरं, जास्त वीज गेली म्हणूनही आग लागली नाही. तसं असतं तर सगळी वायर तापली असती, आणि त्याआधी फ्यूज तुटला असता. वायर फक्त फ्यूजपाशी जळाली.”

“मग फ्यूज का नाही तुटला?”

“फ्यूज जास्तीची वीज ओळखतो, अंशुमन. ढिला सांधा ओळखत नाही. सांधा ढिला असला की नेहमीचीच वीज जाताना तिथं उष्णता होते. त्या दिवशी काचा घासायचं यंत्र सकाळपासून चालू होतं. सांधा तापत गेला, सीटचा फोम पेटला. फ्यूज बिचारा शाबूत राहिला. त्याला कळण्यासारखं काही घडलंच नव्हतं.”

“यानी नरेशनं नट नीट आवळला नव्हता.”

“आवळला होता. माझ्यासमोर. त्यावर लाल रेघ होती. बाकी सगळ्या नटांवर ती अखंड आहे. फ्यूजच्या नटावर तुटली आहे. कुणीतरी तो नंतर उघडला आणि परत लावला. एकदा नाही. दिवाळीपासून रोज. रात्री फ्यूज काढायचा, सकाळी बसवायचा. म्हणून फ्रिज सकाळी कोमट असायचा आणि बॅटरी भरलेली.”

अंशुमन चमकला. “काका, मी फक्त फोटो काढत होतो. गाडी विकायला टाकायची होती. मैंने हाथ नहीं लगाया.”

“माहीत आहे. रात्री-सकाळी तू इथं नसतोस.” खांबेट्यांचा आवाज इतका खाली गेला की नरेश पुढे झुकला. “काढणाऱ्यानं पहिल्यांदा पाना वापरला असेल. पण परत लावताना बोटांनीच. बोटंही अशी, की... लोणच्याची बरणी उघडायला दुसऱ्याकडे द्यावी लागते. आणि फ्यूज परत बसवताना इन्व्हर्टर एक ठिणगी मारतो. कधी बोटावर बसते.”

त्यांनी पितळी वाडग्याकडे पाहिलं. वहिनींकडे पाहणं त्यांना जमलं नाही.

“घर बंद करताना फ्यूज काढून घ्यायची सवय इथं एकाच माणसाला आहे. वहिनी, तुम्हाला.”

बाहेर कुणीतरी रद्दीवाला ओरडत गेला.

“दिवाळीत मागच्या गल्लीत उभ्या गाडीला आग लागली ना,” पद्मिनीवहिनी म्हणाल्या. “तेव्हापासून झोप लागेना. खिडकीतून त्या इन्व्हर्टरचा लाल दिवा दिसायचा. पोर्चमध्ये कुणी जागं बसलंय असं वाटायचं. म्हटलं, काढून ठेवावा फ्यूज. यांच्या पेटीतला लांब दांड्याचा पाना घेतला पहिल्या दिवशी. फार जोर लागला. मग बोटांनी निघायला लागला.” त्यांनी आपले हात मांडीवर उलटे केले. “मला वाटलं, हात सुधारले माझे.”

“आई,” अंशुमन म्हणाला.

“आग लागली त्याच दिवशी मला शंका आली. तुम्ही वेळ मागितलात तेव्हा खात्री झाली. रेघ तुम्ही बघणार, हे मला ठाऊक होतं, बाटली माझीच होती. तरी बोलले नाही.” त्या अंशुमनकडे वळल्या. “तू एका चुकीची वाट बघत होतास. मला हे घर सोडायचं नव्हतं. म्हणून नरेशचं घर पणाला लावलं.”

त्या उठून नरेशसमोर गेल्या आणि हात जोडले.

नरेश मागे सरला. “ऐसा मत करो, मैडम जी.” मग त्याचा चेहरा बदलला. “एक बार बोल तो देते. मेरी घरवाली पूछ रही थी, सच बता, तूने किया क्या.” तो पायरी उतरून गेटपर्यंत गेला. पट्ट्या बांधलेल्या हातांनी त्याला कडी निघेना. अंशुमन धावत जाऊन उघडायला लागला, आणि बराच वेळ दोघं तिथंच बोलत उभे राहिले.

आत वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही एकदाच चुकलात.”

“कुठं?”

“हात लावायचा नाही, हे नरेशला सांगितलंत. मला नाही सांगितलं.”

*

वहिनी मोहालीला गेल्या. जाताना घराचा मुख्य फ्यूज पर्समध्ये टाकला.

विम्याची माणसं आली, त्यांना वहिनींनी स्वतः सगळं सांगितलं. अंशुमननं गाडी विकली नाही. दुरुस्त करून आणली, आणि बैसाखीनंतर ती पुन्हा डेराबस्सीला जायला लागली. नरेश आधी नाही म्हणाला होता. मग एक दिवस विनयाबरोबर गॅरेजमध्ये येऊन उभा राहिला आणि नव्या सीटच्या रंगाला नावं ठेवायला लागला.

वायर तीच निवडली, पस्तीस चौरस मिलिमीटरची. फ्यूज तोच, सव्वाशेचा. मात्र खांबेट्यांनी या वेळी एक गोष्ट वाढवली. बॅटरी आणि फ्यूजच्या मध्ये एक मोठा लाल फिरता स्विच. वायर किती जाड आणि फ्यूज केवढा, याचा त्यांनी रात्रंदिवस विचार केला होता. संध्याकाळी गाडी बंद करून घरात जाणाऱ्या माणसाचा केला नव्हता. त्याला आपल्या हातानं बंद करायला काहीतरी लागतं. ते नसलं की माणूस फ्यूज काढतो.

गाडी आता सेक्टर पस्तीसला, खांबेट्यांच्या घराखाली उभी असते. नरेश किल्ली देऊन बसनं घरी जातो. गुरुवारी खांबेटे चहा करतात, एक कप. उजेड उतरायला लागला की खाली जाऊन स्विच फिरवतात, आणि वर येईपर्यंत फोन वाजायला लागलेला असतो.

“भाऊजी, बंद केलात?”

“केला, वहिनी.”

“जोर लागतो का?”

“नाही. दोन बोटांनी फिरतो. मुद्दाम तसाच बघून घेतला.”

“हं.”

तिकडे अकराव्या मजल्यावर वारा ऐकू येतो. इकडे खिडकीखाली मुलं सायकली फिरवत असतात. विचारायचं विचारून झालेलं असतं, सांगायचं सांगून. फोन मात्र दोघांपैकी कुणीच आधी ठेवत नाही.